डावीकडच्या दोन कॅपा

सुंदररावांच्या गाडीच्या मागच्या काचेवर गेली सहा वर्षं ‘भावी सरपंच’ असं लिहिलेलं होतं. त्या सहा वर्षांत नेकनूरला दोन सरपंच होऊन गेले आणि त्या दोघांत सुंदरराव नव्हते. अक्षरं मात्र पुसली गेली नाहीत, उलट दर दिवाळीला त्यांच्यावर पिवळ्या रंगाचा नवा हात फिरायचा. त्यांची मुलगी आरोही या गाडीत बसायची ती मागच्या सीटवर, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून. धुळीचा त्रास होतो, असं ती आईला सांगायची. खरं कारण ती काच होती.

आरोही बीडला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. रोज सकाळी एसटीनं जायची, संध्याकाळी एसटीनंच परत यायची. तिला माणसांचा कंटाळा नव्हता, माणसांच्या दिखाव्याचा तिटकारा होता, आणि तो तिला लपवता यायचा नाही. सलाईन लावायला हात मागितला तर अंगठ्यांचा हात पुढं करणारे पेशंट तिनं पाहिले होते. सलाईन त्यांनाही तेवढंच टोचायचं. तीन स्थळं तिनं घालवली होती. पहिल्यानं गळ्यातली साखळी शर्टाच्या वर काढून ठेवली होती. दुसऱ्यानं चहा थंड होईपर्यंत पुढाऱ्यांबरोबरचे फोटो दाखवले. तिसरा तर जाताना दारात गाडीचा हॉर्न वाजवून दाखवत होता, त्यात म्हणे सात सूर होते. आरोहीची आई मोहिनीबाई म्हणाली होती, “असं नाक मुरडत बसलीस तर जलमभर घरात बसशील.” आरोही म्हणाली होती, “बसंन.”

चौथं स्थळ युसूफ वडगावचं निघालं. मध्यस्थी शहादेवमामांची. ते नात्यानं दूरचे मामा होते आणि तालुक्यातली अर्धी लग्नं आपणच जुळवली असं सांगत फिरायचे. मुलाचं नाव अमरसिंह. त्याचा फोटो आरोहीच्या मोबाइलवर आला, मग फोन आला, मग आणखी दोनदा आला. आरोहीनं पहिल्याच फोनला सांगून टाकलं की नोकरी सोडणार नाही. तो म्हणाला, “ठीक हाय.” तिसऱ्या फोनला बोलता बोलता तो म्हणाला, “मला खोटं बोलता येत न्हाई. घरचे म्हणतात, यानंच तुजं नुकसान होतंय.” हे वाक्य आरोहीनं जपून ठेवलं. रात्री झोपताना, बसमध्ये, पेशंटचा बीपी घेताना ते तिला आठवायचं. रविवारी कुठली साडी नेसू, असं तिनं आपणहून आईला विचारलं तेव्हा मोहिनीबाईच्या हातातलं लाटणं जागच्या जागी थांबलं. फोनवर होता तसाच माणूस समोर असला तर हो म्हणायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. सुंदररावांनी तर सुपारी आणून देवासमोर ठेवलीसुद्धा. पसंती झाली की बसल्या बैठकीत फोडायची.

आणि शनिवारी सकाळी सुंदररावांना गाडीची चाकं दिसली.

चाकं काही त्या दिवशी उघडी पडली नव्हती. बीडच्या एका डॉक्टरांनी वापरून वापरून सोडलेली ती पांढरी गाडी घरी आली तेव्हा चारी चाकांवर चंदेरी प्लास्टिकच्या कॅपा होत्या. दोन मांजरसुंब्याच्या खड्ड्यांनी खाल्ल्या, एक कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. चौथी मोहिनीबाईनं कोंबडीच्या पिल्लांवर झाकायला घेतली, कारण भोकांतून वारा जातो. वर्षभर चाकांचं काळं, गंजकं लोखंड सगळ्या गावानं पाहिलं होतं. पण पाव्हणे गावातले नव्हते.

“मोठी माणसं हायेत,” सुंदरराव म्हणाले. “आदी दारातली गाडी बघतेत, मग पोरगी.”

“मग गाडीलाच साडी नेसवा,” आरोही म्हणाली. पण सुट्टी होती, दवाखान्यातून पगाराचा कागदही आणायचा होता, म्हणून हिरवा, पिवळ्या फुलांचा स्कार्फ बांधून ती मागं बसली.

बीडमध्ये बार्शी नाक्याच्या पलीकडं मैनुद्दीनचं जुन्या पार्टचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढं पत्रा, मागं पत्रा आणि मधली एक लांब भिंत. त्या भिंतीवर खिळ्याखिळ्याला कॅपा टांगलेल्या. रस्त्यात पडलेल्या, अपघातातून वाचलेल्या, कुणी उचलून आणलेल्या. मैनुद्दीन साठीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गिऱ्हाईक पाहून तो कधी उठायचा नाही.

“साइज?” त्यानं विचारलं.

“मोठी द्या,” सुंदरराव म्हणाले.

मैनुद्दीननं त्यांच्याकडं चष्म्यावरून पाहिलं, मग उठला, बाहेर जाऊन टायरवरचे आकडे वाचले आणि परत येऊन बसला. “चौदा. मालक, टायरवर लिवलेलं असतंय. काचंवर लई वाचलं, आता जरा खाली बी वाचत जा.”

आरोहीला हा माणूस एकदम आवडला.

चौदाच्या कॅपा पुष्कळ होत्या, पण एकीसारखी दुसरी नव्हती. कुणाला पाच पाकळ्या, कुणाला नऊ, कुणाचा कान तुटलेला. चारी सारख्या असा एकच सेट निघाला, सात पाकळ्यांचा, पुसल्यावर बरा चकाकणारा. “एका आईची लेकरं हायेत,” मैनुद्दीन म्हणाला. “सबंध बीडात दुसरा सेट भेटायचा न्हाई.” सुंदररावांनी सेटवर हात ठेवला आणि त्याच वेळी पलीकडून दुसरा एक हात त्यावर पडला.

तो हात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या बाहीतून आलेला होता. मागं गॉगल, गॉगलखाली भरघोस मिशा. दारात त्यांचीही पांढरी गाडी उभी होती आणि तिचीही चाकं उघडीबोडकी होती.

“हे मी घेतलंय,” पांढरी बाही म्हणाली. “केज झालं, अंबाजोगाई झाली, सगळी पालथी घातली. सकाळपासून फिरतोय.”

“मी आदी आलोय,” सुंदरराव म्हणाले.

“आला असाल. आमाला उद्या मोठ्या ठिकाणी जायचंय.”

“आमच्याकडं उद्या मोठी माणसं यायचीत!”

मग जे सुरू झालं ते भाजीबाजारात भांडणाऱ्या बायकांनीही लाजून ऐकलं असतं. आधी गाड्या निघाल्या, मग गावं निघाली, मग खानदान निघालं. पांढरी बाही म्हणाली, “तुमच्या त्या डबड्याला कॅपा लावल्या काय अन् कुंकू लावलं काय, सारखंच!” सुंदरराव म्हणाले, “तुमच्यासारख्याच्या घरात जो पोरगी देईल त्याचं कपाळ फुटलं!” त्यावर ताबडतोब उत्तर आलं, “आन् तुमच्या घरची पोरगी जो करून घेईल तो येडा!” दोघांच्याही हातात दोन दोन कॅपा होत्या आणि त्या ते एकमेकांच्या नाकासमोर नाचवत होते. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, तसे हे दोन बाजीराव. आरोही कोपऱ्यात उभी राहून हे बघत होती आणि तिला मनापासून किळस आली होती, दोघांचीही सारखीच.

तेवढ्यात पांढऱ्या बाहीच्या गाडीतून एक तरुण उतरून आत आला.

आरोहीनं त्याला लगेच ओळखलं. फोटोत होता तसाच. भुवईवरची ती छोटी खूणसुद्धा तशीच. त्याचं तिच्याकडं लक्षही गेलं नाही. तोंड बांधलेल्या पोरी बीडमध्ये पावलापावलाला दिसतात, त्यांच्याकडं कोण बघतं?

“पप्पा, चला ना,” तो म्हणाला. मग सुंदररावांकडं एक नजर टाकून आवाज जरा खाली आणून म्हणाला, “असल्यांच्या तोंडी कशाला लागता? भंगार घेणारी माणसं हायेत ही.”

स्वतः तो कुठं उभा आहे, हे त्याला बहुतेक दिसत नव्हतं. मैनुद्दीनला मात्र दिसलं. तो उठला, चारी कॅपा चार हातांतून काढून घेतल्या आणि दोन इकडं, दोन तिकडं दिल्या.

“दोगंबी दोन दोन न्या. मानूस गाडी येका वेळंला येकाच बाजूनं बघतो. चारी बाजूनं बघणारा फक्त आरटीओचा सायेब, आन् तो काय सोयरीक करायला येत न्हाई.”

आणि गंमत अशी की दोघांनाही ते पटलं! सुंदररावांनी मनातल्या मनात गाडी अंगणात उभी केली. उजवी बाजू भिंतीकडं, डावी बैठकीकडं. म्हणजे डावीकडं लावल्या की काम झालं. कॅपा घेऊन ते तडक बाहेर गेले आणि धोतरानं चाक पुसू लागले. चाकाला कॅप बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मैनुद्दीन शोधत होता, म्हणून आरोही आतच थांबली. पांढऱ्या बाहीनं खिशातून मोबाइल काढला.

“हां, शहादेव, धुळाजी बोलतोय. आरं, नेकनूरला सुंदररावाच्या गल्लीत शिरलं की घर कंच्या हाताला हाय? डाव्या? नक्की डाव्या ना? न्हाई, सहज इचारलं.” फोन ठेवून ते मुलाला म्हणाले, “डावीकडं लाव.”

“बरं,” अमरसिंह म्हणाला.

परतीच्या वाटेवर सुंदरराव त्या उर्मट माणसाला शिव्या देत होते. आरोही मागं बसून विचार करत होती. सांगावं का? सांगितलं तर अण्णा आत्ता, इथं, गाडी बाजूला घेऊन शहादेवमामांना फोन लावतील आणि स्थळ मोडेल. आणि तिला ते मोडायला नको होतं. बाप वेडा म्हणून मुलगा वेडा असतो असं नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? रागात माणूस बोलून जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावून ती गप्प बसली. ही म्हण तिचे अण्णा उठता बसता वापरायचे आणि तिला ती कधी सहन झाली नव्हती. आज ती आपल्या तोंडात आली, याची तिला लाज वाटली, तरीही ती गप्पच राहिली.

रविवारी अकराला पाव्हण्यांची गाडी गल्लीत शिरली. घर डाव्या हाताला, गाडीची डावी बाजू घराकडं, दोन्ही कॅपा उन्हात चकाकतायत. अंगणात सुंदररावांची गाडी, तिचीही डावी बाजू बैठकीकडं, तिच्याही दोन चकाकतायत. चारी बहिणी पुन्हा एकमेकींसमोर आल्या. शेजारची कडूबाई ओट्यावरून म्हणाली, “गाडी बाकी झ्याक हाय पाव्हण्याची.”

धुळाजी उतरले. गॉगल काढला. समोर सुंदरराव हात जोडून उभे. दोघांचे हात नमस्काराला वर आले आणि तिथंच थांबले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आरोही बघत होती. आता भडका उडणार, किंवा दोघंही पोट धरून हसणार. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तरी तिला चाललं असतं.

“या, या,” सुंदरराव म्हणाले. “वाटेत तरास न्हाई ना झाला?”

“छे, छे. या बाजूला पहिल्यांदाच येनं झालं.”

“हो का? आमी बी तिकडं कदी आलो न्हाई.”

आणि दोघं बैठकीत बसले. चहा आला, चिवडा आला, ऊस आला, कारखाना आला. काल ज्याच्या घरात पोरगी देणाऱ्याचं कपाळ फुटणार होतं त्याला सुंदरराव म्हणाले, “खानदानी माणसं कळतेत बगा लगेच.” काल जो त्यांची पोरगी करून घेणाऱ्याला वेडा म्हणाला होता तो म्हणाला, “तुमाला बगून जीव गार झाला.” शहादेवमामा दोघांकडं बघत समाधानानं मान हलवत होते. अमरसिंहचे कान लाल झाले होते आणि तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. ते लाल कान बघून आरोहीला थोडी आशा वाटली. लाज वाटते म्हणजे अजून काहीतरी शिल्लक आहे.

मग शहादेवमामांनी पोरापोरीला दोन शब्द बोलू द्या म्हणून गच्चीवर पाठवलं. गच्चीवर दोरीला आरोहीचा पांढरा ड्रेस वाळत होता आणि शेजारी तो हिरवा, पिवळ्या फुलांचा स्कार्फ.

“तुमी फोनवर म्हणला होता, तुमाला खोटं बोलता येत न्हाई,” आरोही म्हणाली.

तो हसला. हसणं छान होतं. “न्हाईच येत.”

“मग एक विचारू? अण्णांना याच्या आदी कुठं बघितलंय का?”

आरोहीला नुसता एक शब्द हवा होता, ‘काल’. तो तेवढा बोलला असता तर ती हसली असती, तोही हसला असता, खाली बसलेल्या त्या दोन बापांवर दोघांनी आयुष्यभर हसून काढलं असतं. तिला हे इतकं हवं होतं की तिनं दोरी घट्ट धरून ठेवली.

“न्हाई बा,” तो म्हणाला. “आजच बघतोय. लई भारी माणूस. साधा.”

“आन् काल कुठं होता?”

“काल? काल दिवसभर रानात. उसाला पाणी होतं.”

कुठं अडखळला नाही, डोळे चुकवले नाहीत. याचंच तिला सगळ्यात जास्त लागलं. खोटं त्याला येत नव्हतं असं नाही, फार चांगलं येत होतं. तिनं दोरीवरचा स्कार्फ काढला, डोक्यावरून घेतला, तोंडाभोवती दोन वेढे दिले आणि मागं गाठ मारली. डोळे तेवढे उघडे. अमरसिंह बघत राहिला. मग कानांचा लाल रंग सगळ्या तोंडावर पसरला.

“तुमी... दुकानात...”

“हां. भंगार घेणाऱ्या माणसाची पोरगी.”

“आवो, खाली पप्पा बसलेत, मी काय बोलणार?” तो म्हणाला. मग त्याला राग आला. “आन् काल तुमी बी गप्पच होता की!”

“होते. ती माजी चूक झाली. पण आज तुमाला दोनदा विचारलं.”

ती स्कार्फ तसाच बांधून जिना उतरली. खाली सुंदररावांच्या एका हातात सुपारी होती, दुसऱ्या हातात अडकित्ता. धुळाजींनी तो हिरवा स्कार्फ पाहिला आणि त्यांच्या हातातली बशी कलली.

“माजा नकार हाय,” आरोही म्हणाली.

“आगं, कावून?” शहादेवमामा ओरडले. “असं काय झालं? कावून नकार?”

“अण्णांना विचारा. न्हाई तर पाव्हण्यांना. दोघांची जुनी ओळख हाय.”

शहादेवमामा एकटेच कावून, कावून करत राहिले. ज्यांनी विचारायला पाहिजे होतं ते दोन बाप अडकित्त्याकडं बघत बसले. विचारलं असतं तर कबूल करावं लागलं असतं. मोहिनीबाईनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

पाव्हणे उठले. गल्ली पुढं मारुतीच्या देवळाशी बंद होते, म्हणून गाडी तिथपर्यंत जाऊन वळून परत आली. येताना कुठली बाजू दिसणार याचा धुळाजींनी फोन करून शोध घेतला होता, जाताना कुठली दिसणार याचा नाही. उजवी बाजू सगळ्या गल्लीसमोरून गेली, दोन काळी गंजकी चाकं घेऊन. “आगं बया,” कडूबाई ओट्यावरून म्हणाली, “येताना तर चकाकत हुती!”

सुंदरराव दोन दिवस आरोहीशी बोलले नाहीत. बुधवारी सकाळी मात्र ते दारात किल्ली घेऊन उभे होते. “चल, बीडपर्यंत सोडतो,” म्हणाले. आरोहीनं स्कार्फ बांधला. अंगणात गाडीची चारी चाकं काळी होती. ते बघून तिला बरं वाटलं. बाप काहीतरी शिकला असं वाटलं, आणि त्याच्याबद्दल एकदम माया दाटून आली. ती पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसली.

“कॅपा काढल्या का अण्णा?”

“काल मैनुद्दीनला नेऊन दिल्या. तो म्हणला, बाकीच्या दोन सकाळीच आल्या. सेट पुरा झाला.”

आरोही हसली. सुंदररावही हसले. नेकनूरचा स्टँड समोर दिसत होता.

“शहादेव म्हणत होता,” सुंदरराव खुशीत येऊन म्हणाले, “आष्टीकडचं एक स्थळ हाय. लई मोठी माणसं. मैनुद्दीनला सांगून ठिवलंय, त्यो सेट आता कुनालाच द्यायचा न्हाई. या टायमाला चारीच्या चारी लावू.”

“गाडी थांबवा,” आरोही म्हणाली.

“कावून?”

त्यांच्या चेहऱ्याकडं तिनं नीट पाहिलं. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. ती उतरली. ‘भावी सरपंच’ धूळ उडवत पुढं गेलं. स्टँडवर बीडची एसटी लागली होती. आरोही चढली, खिडकीशी बसली आणि स्कार्फच्या आत थोडा वेळ रडली. हे त्या युसूफ वडगावच्या माणसासाठी नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. ते खोटं होतं, आणि तिला ते माहीत होतं.